मालनकाकीचे दोन हंडे

मी गटारात ओतलं ते पाणी दोनशे लिटर होतं. हा आकडा मला नंतर कळला, कारण ते परत भरायची वेळ माझ्यावरच आली.

ऑगस्टचा पहिला आठवडा होता. मुंबईत मरोळच्या औद्योगिक वसाहतीमागे, आरेच्या झाडीला पाठ टेकून एक बैठी चाळ बसली आहे. छत्तीस खोल्या आणि प्रत्येक दारापुढे एक निळा ड्रम. मी आमच्या संस्थेत नवा लागलो होतो. काम डासांचं. म्हणजे वस्तीत हिंडायचं, साठवलेल्या पाण्यावर टॉर्च मारायची, अळ्या दिसल्या तर वहीत लिहायचं आणि लोकांना समजावायचं. मी बी.एस्सी. प्राणिशास्त्र, त्यामुळे डासाचं सगळं खानदान तोंडपाठ. समजावणं मात्र कुठल्याच सेमिस्टरला नव्हतं.

एकोणीस नंबरच्या खोलीपुढच्या ड्रमात अळ्या दिसल्या. वीसेक तरी असतील, मजेत वळवळत होत्या. दार नुसतं ओढलेलं. दोनदा हाक मारली, कुणी ओ दिली नाही. ट्रेनिंगच्या कागदावर लिहिलं होतं, 'उत्पत्तिस्थान तत्काळ नष्ट करावे.' मी तत्काळ खांदा लावला आणि ड्रम आडवा केला.

मी परांड्याचा. आमच्या शाळेत टँकरचा भोंगा ऐकू आला की गणिताचे सर स्वतःच फळा अर्धा सोडून घागर घ्यायला पळायचे. अशा गावच्या माणसानं, एवढं पाणी वाहून जाताना बघून, ड्रम सरळ करायला धावायला पाहिजे होतं. मला अभिमान वाटला. शिक्षणाचे असेही परिणाम होतात.

"कोण मेला रे तो?"

बोळाच्या तोंडातून एक बाई आली. ठेंगणी, साठीच्या जरा अलीकडची, हातात नारळांची पिशवी. तिनं आधी ड्रमाकडे बघितलं, मग गटाराकडे, मग माझ्याकडे.

"पाणी कुठाय?"

"काकी, अळ्या होत्या त्यात."

"अळ्यांचं नाही विचारलं. पाणी कुठाय?"

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पाइपलाइनच्या दुरुस्तीसाठी नळ बंद राहणार होते. आणि दुपारी चारला तिच्या सुनेचं डोहाळजेवण होतं, मोजक्या म्हणून बावीस बायका येणार होत्या. हे सगळं तिनं शांतपणे सांगितलं. ओरडली असती तर सॉरी म्हणून सुटलो असतो. तिनं घरातून दोन हंडे आणले आणि माझ्या हातात दिले.

अशी माझी मालन शिगवण या बाईंशी ओळख झाली.

वसाहतीतल्या एका कारखान्यात काकीनं बावीस वर्षं औषधांची खोकी भरली होती. तिथला वॉचमन तिला ओळखत होता, त्यामुळे तिथल्या टाकीचा नळ मिळाला. अंतर फार नव्हतं, हंडे मात्र पितळेचे होते. पहिले दोन ओतून मी कठड्यावर टेकलो, तसा काकीनं सवाल केला.

"ह्या अळ्या येतात कुठून?"

शेवटी कुणीतरी विचारलं होतं! मी खुलून सांगितलं. डासाची मादी पाण्यात नाही, पाण्याच्या काठाला, ड्रमाच्या आतल्या भिंतीवर अंडी घालते. तिळाच्या कणीएवढी, काळी. चिकटून बसतात. पाणी आटलं तरी मरत नाहीत, कोरडी सहा सहा महिने वाट बघतात. पाणी लागलं की फुटतात आणि आठ-दहा दिवसांत डास उडतो.

काकी नारळाच्या शेंड्या सोलत ऐकत होती.

"म्हणजे अंडी अजून ड्रमालाच चिकटलेली."

"हो."

"पाणी तेवढं गेलं."

"...हो."

"आणि त्याच्यावर तू आता दोन हंडे चांगलं पाणी ओतलंस."

मी ड्रमात डोकावलो. प्राणिशास्त्रही डोकावलं. काकीनं सोललेल्या शेंड्यांचा एक बोळा माझ्या हातात दिला. "घास. आतून. वरपासून खालपर्यंत." ते दोन हंडे ड्रम विसळण्यात गेले. नंतर मी बारा आणले आणि तेराव्याला टाकीचा नळ गुळगुळला आणि बंद पडला. काकीनं ड्रमात हात बुडवून माप घेतलं.

"दोन हंडे कमी."

"उद्या आणून देतो, काकी."

"बघू. नाव काय म्हणालास?"

"प्रबुद्ध."

तिनं माझ्याकडे, माझ्या ओल्या पँटकडे आणि ड्रमाकडे बघितलं. "राहू दे. डासमास्तर म्हणते."

दुपारी मला जेवूनच जायला लावलं. सून श्रुतिका फुलांचे दागिने घालून पाटावर बसली होती, सातवा महिना. बायका चिडवत होत्या, ती हसत होती, पण दर दोन मिनिटांनी तिचा हात पोटावर जात होता, कुणी काही उचलून नेईल की काय असा. काकी मला पुरी वाढायला दारापाशी आली तेव्हा हळूच म्हणाली, "गेल्या वर्षी गणपती करून गावाहून आलो आणि पंधरा दिवसांत हिला डेंग्यू. पेशी वीस हजारांवर आल्या. तिसरा महिना होता. ही वाचली, ते राहिलं नाही." मग आवाज नेहमीचा करून, "ह्या वेळी मला दुसरं काही नको. ही ताप न येता मोकळी होऊ दे. घे, पुरी घे."

मी पुरी घेतली आणि जाताना ड्रमाचं झाकण दोनदा तपासलं.

दुसऱ्या दिवशी टाकीही कोरडी होती, म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी मी इमानदारीत दोन हंडे घेऊन हजर झालो. काकी नळावरच होती. "आज पाणी आहे, मला काय उपयोग? नळ नसताना आण." कर्ज फेडू न देणारी सावकारीण मी पहिल्यांदाच बघत होतो.

आमच्या संस्थेच्या प्रमुख क्षमा मॅडम. अंधेरीच्या जुन्या रहिवासी, तीस वर्षं समाजकार्यात, मनानं सोनं. फक्त बोलताना 'आपण' फार म्हणतात. त्यांनी चाळीत एका कॉलेजच्या मुलांचं पथनाट्य ठेवलं. एक मुलगा डास झाला होता, डोक्यावर तारांच्या मिशा. छान झालं, टाळ्या पडल्या, मुलांनी वडापाव खाल्ले. दुसऱ्या दिवशी मी झाकणं मोजली. छत्तीसपैकी एकोणतीस उघडी. आदल्या दिवशी अठ्ठावीस होती.

"असं सांगून कोण ऐकतं?" काकी म्हणाली. "आमच्याकडे सांगत नाहीत. सवाल टाकतात."

तेव्हा मला तिची खरी गोष्ट कळली. काकीचा नवरा गुणाजी शक्ती-तुऱ्याचा शाहीर होता. आमच्या मराठवाड्यात हे नाही, म्हणून मला तिनं पोराला शिकवावं तसं शिकवलं. कोकणातल्या या नाचात दोन पक्ष असतात, शक्तीवाले आणि तुरेवाले. ढोलकी वाजते, नाचणारे गोल फिरतात, शाहीर मध्ये बसून गातो. एक पक्ष गाण्यातून सवाल टाकतो, दुसऱ्यानं गाण्यातूनच उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही तर पुढच्या सामन्यापर्यंत लोक टोचून टोचून जीव घेतात. "बाजारात कोथिंबीर घ्यायला गेलास तरी भाजीवाली विचारते, सापडलं का रे उत्तर?"

गुणाजी दिवसा प्रेसवर पत्रा कापायचा, संध्याकाळी गायचा. आवाज झकास. सवाल मात्र काकी लिहायची. खोकी भरताना पुठ्ठ्याच्या कपट्यावर लिहून ब्लाउजमध्ये ठेवायची आणि घरी येऊन त्याच्याकडून पाठ करून घ्यायची. "बायांनी गायचं नाही असा काही कायदा नव्हता. पण कायदा नसला म्हणजे रीत नसते असं थोडंच आहे?" गुणाजी जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यानंतर तिनं एक ओळ लिहिली नव्हती.

ती लिहायला बसली ती माझ्या आलेखामुळे. मी जवळच्या दवाखान्यातल्या दोन वर्षांच्या तापाच्या नोंदी काढून रेघ आखली होती. दोन्ही वर्षी गणपतीनंतर तिसऱ्या आठवड्यात रेघ एकदम डोंगर चढत होती. मॅडम म्हणत होत्या पाऊस, मी म्हणत होतो तापमान. काकीनं चष्मा लावला, डोंगरावर बोट ठेवलं, मग बोट उजवीकडून डावीकडे मागं नेलं.

"इथं आम्ही नसतोच."

"म्हणजे?"

"अरे, गणपतीला गावी! दहा दिवस चाळीत कुत्रं नसतं. जाताना ड्रम काठोकाठ भरून जातो. परत येतो पहाटे, पोरं झोपलेली, अंगाला बसचा वास. घरात पाणी नको?" ती थांबली. तिचं बोट अजून कागदावरच होतं. "तू काय म्हणालास, डास उडायला किती दिवस लागतात?"

"आठ-दहा."

मग तिनं मान वळवून दारातल्या ड्रमाकडे बघितलं. "मीच भरून गेले होते," ती म्हणाली. "माझ्या हातानं."

मी म्हणालो, "सगळेच भरतात, काकी." त्यावर तिनं पदरानं चष्मा पुसला आणि म्हणाली, "कागद दे."

सवालावर आम्ही तीन दिवस भांडलो. तिनं 'सहा वर्षं' लिहिलं, मी खोडून 'सहा महिने' केलं. मी 'उत्पत्तिस्थान' घालायला सांगितलं, तिनं मलाच घालवून दिलं. शेवटी दोघांचेही ते शब्द गळले आणि हे उतरलं:

धनी गेला गावा, घराला कुलूप,
कुणी केला दारात संसार गुपचूप?
भिंतीला निजली पोरं बिनअन्नाची,
पाण्यानं शिवताच उठली ती कुणाची?
मालाडच्या शाहिरा, फेटा धरून सांग,
कुणाचा हा पाळणा अन् कुणाची ही रांग?

मालाडचा शाहीर म्हणजे सहदेव, गुणाजीचा पंचवीस वर्षांचा प्रतिस्पर्धी. काकीचा मुलगा हर्षद विमानतळावर कार्गोत आहे, त्यानं ढोलकी घेतली, मी मोबाईल धरला, आणि काकीनं पहिल्यांदा स्वतःच्या तोंडानं सवाल गायला. पहिल्या ओळीला आवाज कापला. दुसऱ्या ओळीला ढोलकीला मागं टाकून निघाली. गाणं शक्ती-तुऱ्याच्या ग्रुपवर पडलं आणि संध्याकाळपर्यंत मालाड, बोरिवली, घाटकोपर, जिथं जिथं त्या मुलखातली माणसं होती तिथं तिथं पोचलं.

दुसऱ्या दिवशी सहदेवबुवांचं उत्तर आलं, फेट्यासकट. मालक मुंबईला, घराला कुलूप आणि आत गुपचूप संसार थाटणारे कोण? तर भाऊबंद! बुवांचा जमिनीचा खटला सतरा वर्षं चालू होता, त्यामुळे उत्तरात जीव ओतला होता. अर्ध्या ग्रुपला पटलंही. उरलेला अर्धा भांडत होता. कुणी उंदीर म्हणालं, कुणी भूत, कुणी भाडेकरू. मी ड्रम बघायला गेलो की लोक मला अडवायचे. "मास्तर, तुम्हाला माहीत आहे ना? सांगा ना यार!" पंधरा दिवसांपूर्वी हीच माणसं मला बघून दार लावत होती.

काकीनं चार दिवस सगळ्यांना शिजू दिलं. मग फोड केली:

भाऊबंद नव्हे बुवा, डास तो काळापांढरा,
तुझ्याच ड्रमात त्याला दहा दिवसांचा आसरा.
भरून गेलास पाणी, पोसून आलास ताप,
घासून पालथा घाल ड्रम, तेव्हाच फिटेल पाप.

"काकी, चावते ती मादी," मी म्हणालो.

"ठाऊक आहे. पण गाण्यात तरी खापर बाईवर नको. बाहेर रोज फुटतंच."

चाळीची बैठक बसली. पालथा घालू हो, पण परत आल्यावर अंघोळीला पाणी कोण देणार? मी आवेशात उठलो. "मी भरून ठेवतो. तुम्ही यायच्या आदल्या सकाळी."

"हा?" काकी म्हणाली. "दोन हंडे देणं लागतो माझं, आणि हा छत्तीस ड्रम भरणार!"

चाळ पोट धरून हसली. पण बत्तीस घरांनी ऐकलं. चार घरांनी नाही ऐकलं, त्यांच्या ड्रमांना आम्ही फडकी बांधली. गणपतीत काकी अडतीस वर्षांत पहिल्यांदा गावी गेली नाही. दिरानं मोबाईलवर आरती दाखवली, ती दारात उभी राहून टाळ्या वाजवत होती आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून श्रुतिकाच्या हातावर कुठं डास बसतोय का ते बघत होती. परतीच्या आदल्या सकाळी नळाला पाणी असतं त्या पाऊण तासात मी आणि हर्षदनं पाइप लावून सगळे ड्रम उभे करून भरले. क्षमा मॅडमही आल्या होत्या. त्यांनी 'आपण भरू' म्हटलं आणि खरोखर साडी खोचून पाच ड्रम भरले. तेव्हापासून मी त्यांच्या 'आपण'ला हसत नाही.

आणि मग तिसऱ्या आठवड्यात, ज्या आठवड्यात माझी रेघ डोंगर चढायची, सकाळी सातला काकीचा फोन आला.

"डासमास्तर, ये."

श्रुतिकाला एकशे एक ताप होता. नववा महिना. हॉस्पिटलात रक्त घेतलं, रिपोर्ट तीनला मिळेल म्हणाले. आम्ही बाकावर बसलो. काकीची बोटं गुडघ्यावर ढोलकीचा ठेका धरून होती, तिला कळत नव्हतं.

"दर शनिवारी घासला ड्रम," ती म्हणाली. "तू घासलास त्याच्यापेक्षा चांगला. कुठं राहिलं असेल रे?"

आणि मला आठवलं. फ्रिजच्या मागं, खाली, पाणी साठणारी एक थाळी असते. दोन महिने मी त्या घरात चहा पीत होतो, ज्या फ्रिजला टेकून पीत होतो त्याच्यामागं एकदाही टॉर्च मारली नव्हती. काकीला सांगावं की नको, या विचारात मी तीन वाजवले.

पोरसवदा डॉक्टरीण कागद घेऊन आली. "डेंग्यू नाही. मलेरिया नाही. पेशी दोन लाखांवर आहेत. बाळ ठीक आहे. घसा लाल आहे पण. काही थंड खाल्लंत?"

श्रुतिकानं हर्षदकडे बघितलं. हर्षदनं पंख्याकडे.

"कुल्फी," श्रुतिका म्हणाली. "मलई. रोज आणतात हे. आईला सांगू नको म्हणाले."

"रोज?" काकी उठून उभी राहिली. "मी इथं अंडी खरवडतेय आणि हा मेला कुल्फी आणतोय!" तिनं हर्षदच्या पाठीत एक धपाटा घातला, मग दुसरा, आणि तिसऱ्याला तिचा हात त्याच्या पाठीवरच राहिला. तिचे खांदे हलत होते. हसतेय की रडतेय ते मी बघितलं नाही. बाहेर पायरीवर बसून तिनं चहा मागितला, "साखर जास्त टाकायला सांग." दोन कप प्यायली.

घरी येऊन मी आधी फ्रिज सरकवला. थाळीत पाणी होतं, अळ्या नव्हत्या. मी कबूल केलं. काकी थाळीकडे कौतुकानं बघत राहिली. "बरं झालं. पुढचा सवाल सापडला."

त्या हंगामात चाळीत डेंग्यूचे दोन रुग्ण निघाले. आदल्या वर्षी अकरा होते. एका वर्षाच्या आकड्यावरून काही सिद्ध होत नाही असं क्षमा मॅडम म्हणतात, आणि शास्त्र शिकलेला माणूस म्हणून मलाही तेच म्हणावं लागतं. काकी शास्त्र शिकलेली नाही, त्यामुळे ती सगळ्यांना सांगते.

ऑक्टोबरात श्रुतिकाला मुलगी झाली. बारशाच्या सकाळी मालाडहून सहदेवबुवा आले, बाळाला झबलं आणि काकीला निरोप घेऊन. थंडीत सामना ठरला होता, शक्तीच्या बाजूनं तिनं बसावं.

"मी? गुणाजींच्या जागी?"

"कसली गुणाजीची जागा, वहिनी," बुवा म्हणाले. "पंचवीस वर्षं मी कोणाकडून हरत होतो ते काय मला माहीत नव्हतं? गुणाजीला धड शिवी जुळवता येत नव्हती, सवाल कुठून जुळवणार! पण बोललो असतो तर तुम्ही लिहायचं बंद केलं असतं. मग मी हरलो कोणाकडून असतो?"

काकी बाळाचं टोपडं सारखं करत राहिली. ते आधीच सारखं होतं. "पत्रकावर नाव कसं टाकणार?" तिनं विचारलं.

"शाहीर मालन गुणाजी शिगवण."

"शाहीर आणि कवी," ती म्हणाली. "दोन्ही टाका."

त्या दिवशी सकाळी नळ आला नव्हता. मी याच दिवसाची वाट बघत होतो. कारखान्याच्या टाकीवरून दोन हंडे भरले, एक खांद्यावर, एक हातात, भर बारशात सगळ्यांदेखत आणले. "काकी, आज नळ नाही. हे घ्या तुमचे दोन हंडे. फिटलं!"

काकीनं दाराकडे हनुवटी केली. शनिवार होता. ड्रम घासून, पालथा घालून उन्हात टाकलेला.

"ओत," ती म्हणाली.

"कशात?"

"ते मला काय विचारतोस? शास्त्र तुझं."

बायका हसायला लागल्या. काकीनं हंडे माझ्याकडून काढून घेतले, एक चहाच्या पातेल्यात रिकामा केला, दुसरा पाय धुवायला बाहेर ठेवला, आणि बुवांना माझी ओळख करून दिली. "हा आमचा डासमास्तर. पोरगा चांगला आहे. दोन हंडे देणं लागतो."

"पण काकी, आत्ताच तर..."

"ते चहाला गेलं," ती म्हणाली. "ड्रमाचं बाकीच आहे."